नव्या बोर्डावर फ्लॅश लिहीतच नाही! ०६ दिलं, ०२ दिलं, वाचलं की एफएफ

सर्किटवाला_सांगली | मंगळवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. दोन दिवस डोकं धरून बसलोय, आता इथे येऊन रडतो.

दूध संकलन केंद्रांसाठी आम्ही एक छोटा डबा बनवतो. फॅट मशीन आणि काट्याकडून आकडे घ्यायचे, सभासद क्रमांकासकट साठवायचे, पावती छापायची. साठवायला ८ एमबीची एसपीआय फ्लॅश (वीज गेली तरी डेटा टिकवणारी छोटी मेमरी चिप), विनबाँड कंपनीची २५क्यू६४. एक नोंद ३२ बाइटची. तीन वर्षं झाली, एक तक्रार नाही.

या खेपेला ४० बोर्ड नवीन भरून आले. फर्मवेअर तेच, अक्षर बदललेलं नाही. पडदा लागतो, काटा बोलतो, प्रिंटर चालतो. फक्त नोंद साठत नाही. साठवून परत वाचली की सगळे बाइट एफएफ, जसे रिकाम्या फ्लॅशमध्ये असतात. काल एका केंद्रावर चाचणीला लावला तर पावतीवर फॅट ६५५.३५ छापून आलं. एका म्हाताऱ्या सभासदानं पावती डोळ्याजवळ धरली आणि म्हणाला, "ह्या फॅटला दर काय बसतोय तेवढं सांगा."

माझा क्रम असा (सगळे आकडे हेक्समधले): ०६ (लिहायची परवानगी), मग २० (सेक्टर इरेज, म्हणजे पुसणं) आणि पत्ता, बिझी (चिप कामात असल्याचा बिट) उतरेपर्यंत थांब. परत ०६, मग ०२ (लिहिणं), पत्ता, डेटा, पुन्हा थांब. मग ०३ नं वाच. कुठेही अडकत नाही, कुठेही चूक दाखवत नाही. चिपा खराब म्हणावं तर ४० च्या ४०?

तिरपा_कपॅसिटर | मंगळवार, रात्री ११:०५

डब्ल्यूपी (लिहिणं रोखणारी) आणि होल्ड (चिप थांबवून ठेवणारी) पिन कुठे जोडल्यात? तरंगत्या ठेवल्या असशील तर तिथेच बघ. चिपच्या पायाशी १०० नॅनोचा कपॅसिटर भरलाय का तेही बघ, भरणारे विसरतात.

आणि ०६ देऊन झाल्यावर सीएस (चिप निवडणारी पिन) वर उचलतोस ना? ०६ ही स्वतंत्र कमांड आहे. सीएस खाली ठेवून ०६ आणि लगेच ०२ असं एका दमात पाठवलं तर चिप ते घेत नाही. माझे स्वतःचे दोन दिवस यात गेलेत, म्हणून विचारतो.

सर्किटवाला_सांगली | मंगळवार, रात्री ११:२०

दोन्ही पिना ३.३ ला ओढलेल्या आहेत. कपॅसिटर आहे. सीएस उचलतो. लॉजिक अ‍ॅनालायझर लावून बघितलं, ०६ नंतर ०५ नं स्टेटस विचारलं की ०२ येतं, म्हणजे लिहिण्याची परवानगी मिळालेली आहे. आणि कुठे प्रोटेक्शन लागलं असेल म्हणून स्टेटस रजिस्टर शून्य करायला ०१ ००ही देऊन बघितलं. ढिम्म.

एक गोष्ट आत्ता दिसली. इरेजनंतर बिझी बिट जवळपास लगेच उतरतो. जुन्या बोर्डावर ४०-५० मिलिसेकंद जायचे.

बिनतारी | बुधवार, सकाळी ७:१२

लगेच उतरतो कारण इरेज झालंच नाही. कमांड ऐकली आणि सोडून दिली.

बाकी सगळं बाजूला ठेव. ९एफ (चिपचा आयडी विचारणारी कमांड) दे आणि काय तीन बाइट येतात ते इथे टाक.

सर्किटवाला_सांगली | बुधवार, सकाळी ९:३०

आयडी तपासायचा कोड होता, पण मीच दोन वर्षांपूर्वी काढून टाकला. तेव्हा एका खेपेत नावातलं अक्षर वेगळं असलेली विनबाँड आली होती, मधला बाइट ४० च्या जागी ७० यायचा आणि डबा सुरूच होईना. म्हटलं, कशाला ही कटकट.

आत्ता वाचला: बीएफ २६ ४३.

बिनतारी | बुधवार, सकाळी ९:४१

सापडलं की मग. विनबाँडचा पहिला बाइट ईएफ असतो, मॅक्रोनिक्सचा सी२, गिगाडिव्हाइसचा सी८. बीएफ म्हणजे एसएसटी, जी २०१० पासून मायक्रोचिपकडे आहे. २६ ४३ म्हणजे २६व्हीएफ०६४बी. तुला न विचारता चिप बदलली गेलीय. आकार तोच, आठ पाय तेच, ८ एमबीही तेवढेच. वाचणं, लिहिणं, ४ केबी सेक्टर इरेज यांचे आकडेही तेच. म्हणून कुणाला तरी वाटलं "चालतंय की".

फरक कुठे आहे तो नीट वाच.

विनबाँडमध्ये कुलूप स्टेटस रजिस्टरमध्ये असतं. बिट २, ३, ४ हे ब्लॉक प्रोटेक्टचे, ५ सांगतो वरून की खालून, ६ सांगतो सेक्टरच्या हिशेबात की ब्लॉकच्या. नवी चिप येते ती सगळी उघडी. त्यामुळे तुला आजवर कुलूप ही भानगडच कळली नाही.

तुझ्या नव्या चिपमध्ये तसे ब्लॉक प्रोटेक्टचे बिट मुळातच नाहीत. त्याच जागी सस्पेंडचे वगैरे बिट बसवलेत. म्हणून तुझ्या ०१ ०० नं काही झालं नाही, ज्या दारावर कुलूप नाही तिथे तू किल्ली फिरवत होतास. तिचं कुलूप वेगळ्या रजिस्टरात आहे, १४४ बिटचं, म्हणजे १८ बाइट. आणि दर वेळी वीज आली की ते सगळं लागलेलं असतं. ७२ देऊन वाच, ५५ ५५ आणि पुढे सगळे एफएफ दिसतील. पुढच्या एफएफमध्ये एका ब्लॉकला एक बिट. सुरुवातीचे ५५ ५५ हे दोन्ही टोकांच्या ८ केबीच्या आठ ब्लॉकांचे. त्यांना दोन-दोन बिट, एक वाचण्याच्या कुलपाचा आणि एक लिहिण्याच्या. ५५ म्हणजे एकाआड एक: वाचणं खुलं, लिहिणं बंद.

उघडायला: ०६, सीएस वर, मग ९८, सीएस वर. झालं.

अजून दोन खड्डे आहेत. डी८ विनबाँडवर कायम ६४ केबी पुसते. इथे पत्ता कुठला त्यावर ८, ३२ किंवा ६४ केबी. ५२ तर नाहीच. आणि ४२ ही कमांड विनबाँडवर सिक्युरिटी रजिस्टरात (मुख्य मेमरीबाहेरच्या छोट्या राखीव जागेत) लिहिते, इथे कुलपाचं रजिस्टर लिहिते. आकडा एक, अर्थ दोन. म्हणून आयडी न बघता कमांड मारायची नसते.

सर्किटवाला_सांगली | बुधवार, सकाळी १०:१५

ताई, चालू झालं!!! ९८ टाकलं आणि पहिल्या फटक्यात नोंद बसली. फॅट ४.१, एसएनएफ (फॅट सोडून बाकीचे घन घटक) ८.५.

पण मला रागही येतोय. नाही म्हणायचं तर नाही म्हण ना. परवानगीचा बिट लावून दाखवते, बिझी दाखवत नाही, आणि आत काही करत नाही. ही कसली पद्धत?

आबा_२९एफ | बुधवार, दुपारी १:५०

पोरा, जुन्या चिपा निदान मान तरी हलवायच्या. एएमडीची २९एफ०४० घे. ५१२ केबी, ६४ केबीचे आठ सेक्टर. तिला लिहायला आधी दार ठोठवावं लागे: ५५५ वर एए, २एए वर ५५, परत ५५५ वर ए०, आणि मग खरा बाइट. हे एवढ्यासाठीच की वीज जाता-येता डेटा लाइनवर कचरा आला तर चुकून लिहिलं जाऊ नये. बंद सेक्टरवर लिहायला गेलास की सहाव्या बिटाची उघडझाप साधारण २ मायक्रोसेकंद चालायची आणि मग चिप गप्प वाचायला तयार. इरेजला साधारण १०० मायक्रोसेकंद. स्कोपवर ती चिमुकली थरथर दिसली की आम्ही समजायचो, नाही म्हणतेय.

आणि त्या सेक्टरला कुलूप लावायचं म्हणजे ए९ आणि ओई या पायांवर १२ व्होल्ट. बोर्डावर ५ व्होल्टच असायचे. म्हणजे सॉफ्टवेअरनं कितीही आपटलं तरी कुलूप हलणार नाही, चिप काढून प्रोग्रामरवर न्यावी लागे. याला म्हणतात कुलूप.

इंटेलच्या चिपा आणखी शहाण्या. तिथे स्टेटसमध्ये लिहिणं फसल्याचा बिट वेगळा, इरेज फसल्याचा वेगळा, आणि "ब्लॉक बंद होता" हा तिसरा. फक्त ५० देऊन तो स्टेटस पुसायचा विसरलास तर जुनीच चूक पुढे दिसत राहायची.

बिनतारी | बुधवार, दुपारी २:३०

आबांच्या पोस्टला जोड: तशी सोय एसपीआयमध्येही काहींना आहे. मायक्रॉनच्या एन२५क्यू मालिकेत ७० नं फ्लॅग स्टेटस वाचता येतं, त्यात संरक्षणाचा बिट आहे. स्पॅन्शनच्या एस२५एफएलएसमध्ये लिहिणं फसलं आणि इरेज फसलं असे दोन बिट आहेत. विनबाँड आणि एसएसटी मात्र मुक्या. त्यांच्याशी काम असेल तर लिहिल्यावर परत वाचून ताडून बघणं हाच इलाज. तू ते करत नव्हतास, म्हणून बातमी पावतीवर छापून आली.

सर्किटवाला_सांगली | बुधवार, दुपारी ३:०५

मान्य. आता विचार असा आहे: डबा सुरू झाला की पहिल्याच ओळीत ९८ मारायचं आणि विषय संपवायचा. बरोबर ना?

बिनतारी | बुधवार, दुपारी ३:२०

नाही!

तुझा डबा कुठे बसतो? गावात. पहाटे पाच-साडेपाचला दूध यायला लागतं, तेव्हाच मोटारी सुरू होतात, व्होल्टेज १६० ला येतं, मधेच लाइट जाते आणि येते. ३.३ चा पुरवठा हळूहळू खाली येत असताना मायक्रोकंट्रोलर भलतीकडे उडी मारू शकतो, आणि त्याच्या पोटात ०६ आणि २० पाठवणारं फंक्शन तयारच बसलेलं आहे. चिप तेव्हा उघडी असेल तर एक अख्खा सेक्टर गेला. कॅलिब्रेशनचा गेला तर उद्यापासून प्रत्येकाचं फॅट चुकणार, आणि तेही ६५५ नाही, ३.८ च्या जागी ४.०. ते कुणाच्या लक्षातही येणार नाही.

वीज आली की सगळं बंद, हा त्या चिपचा दोष नाही, मला तर तीच खरी पद्धत वाटते. ९८ मारून सगळं सताड उघडं करण्यापेक्षा ४२ नं १८ बाइट लिही, त्यात फक्त नोंदींचे ब्लॉक उघड. कॅलिब्रेशन तळाच्या ८ केबीच्या ब्लॉकात हलव आणि तो बंदच राहू दे. कॅलिब्रेशन बदलायचं असेल तेव्हाच तेवढ्यापुरता खोल. कोणता बिट कुठल्या ब्लॉकचा ते डेटाशीटच्या तक्त्यावर बोट ठेवून बघ, अंदाजानं जाऊ नकोस.

आणि मायक्रोकंट्रोलरचा ब्राउनआउट रीसेट (व्होल्टेज पडलं की त्याला रीसेटमध्ये धरणारी सोय) चालू कर. तो बंदच ठेवलेला असणार, पैजेवर सांगते.

सर्किटवाला_सांगली | बुधवार, दुपारी ३:३४

बंद होता 🙏

आबा_२९एफ | बुधवार, सायंकाळी ५:१०

उघडी चिप काय करते ते आम्ही २६ एप्रिल १९९९ ला बघितलंय. सीआयएच व्हायरस. तैवानच्या एका विद्यार्थ्यानं लिहिलेला, १९९८ मध्ये पसरला, त्या दिवशी उडाला. हार्डडिस्कच्या सुरुवातीला शून्यं भरायचा आणि बायोसच्या (कॉम्प्युटर सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामच्या) फ्लॅशमध्ये कचरा लिहायचा. इंटेल ४३०टीएक्स चिपसेटवाल्या बोर्डांना झोडपलं. ज्या बोर्डांवर फ्लॅश लिहिण्याचा जंपर होता आणि तो बंद बाजूला होता, ते वाचले. दोन पायांवरची प्लास्टिकची टोपी, तेवढ्यावर निभावलं.

मी तेव्हा पुण्यात दुरुस्तीच्या दुकानात होतो. मेलेली चिप उठवायची रीत अशी: तसाच चांगला बोर्ड सुरू करायचा, डॉसवर यायचं, आणि चालू मशीनमधून चांगली चिप उचकटून काढायची. बायोस तोवर रॅममध्ये आलेलं असतं, म्हणून मशीन मरत नाही. मग त्या सॉकेटात मेलेली बसवायची आणि फ्लॅश करायची. चिपखाली आधीच दोरा घालून ठेवायचो, म्हणजे स्क्रूड्रायव्हर घसरून काही शॉर्ट व्हायला नको. त्या आठवड्यात किती चिपा केल्या मोजल्या नाहीत. शेवटी बोटांची टोकं सोलवटली होती.

रात्रपाळी | बुधवार, रात्री ११:५५

विनबाँडवाल्यांनी हुरळून जाऊ नका, तिथेही एक भुयार आहे. सीएमपी नावाचा बिट. तो पहिल्या नाही, दुसऱ्या स्टेटस रजिस्टरात आहे (३५ नं वाचायचं). तो १ असला की सगळा अर्थ उलटा होतो. ब्लॉक प्रोटेक्टचे बिट सगळे शून्य आणि सीएमपी १, म्हणजे अख्खी चिप बंद. ०५ नं वाचणारा माणूस शून्य बघतो आणि म्हणतो, कुलूप नाही.

मला कसं माहीत? मी एकदा रात्री तीनला दुसऱ्या रजिस्टरात एफएफ लिहिलं. क्वाड मोडचा (चार लाइनींवरून डेटा नेण्याचा) एकच बिट लावायचा होता, आळस केला. सीएमपी लागला, वर एसआरपी१ (स्टेटस रजिस्टरलाच कुलूप लावणारा बिट) लागला म्हणून वीज काढेपर्यंत रजिस्टरही बदलेना. वीज काढून घातली, सीएमपी उतरवला, सुटलो असं वाटलं. पण त्याच बाइटमध्ये एलबी१ ते ३ (सिक्युरिटी रजिस्टरांच्या कुलपाचे बिट) पण होते. ते एकदा १ झाले की झाले. तिन्ही सिक्युरिटी रजिस्टर कायमची बंद, रिकामीच. ती चिप अजून टेबलाच्या काचेखाली ठेवलीय.

२०१७ च्या शेवटी उबुंटू १७.१० नं (लिनक्सची एक आवृत्ती) लेनोवोच्या बऱ्याच लॅपटॉपांचं असंच काहीसं केलं होतं. कर्नलमधला इंटेल एसपीआयचा ड्रायव्हर बायोसच्या चिपशी बोलायला गेला आणि चिप लिहिण्यापुरती बंद होऊन बसली. बायोसमध्ये सेटिंग बदला, सेव्ह करा, परत जैसे थे. डाउनलोड मागे घ्यावं लागलं, जानेवारी २०१८ मध्ये सुधारलेलं आलं. गंमत म्हणजे बऱ्याच मशीनवर इलाजही सॉफ्टवेअरनंच झाला. दुरुस्त कर्नल एकदा बूट केलं की कुलूप निघायचं.

क्लिपवाला_भाऊ | गुरुवार, सकाळी १०:०२

लॅपटॉप दुरुस्तीवाल्यांसाठी पण हेच. प्रोग्रामरचं सॉफ्टवेअर "इरेज ओके" म्हणतं आणि व्हेरिफाय पहिल्याच पत्त्यावर पडतं, तर चिप फेकू नका. विनबाँडमध्ये एखादा लहानसा भाग जरी बंद असला तरी चिप इरेजची सी७ कमांड पूर्णच नाकारली जाते. फ्लॅशरॉममध्ये (फ्लॅश वाचा-लिहायचं सॉफ्टवेअर) चिपला साथ असेल तर आधी राइट प्रोटेक्टची स्थिती विचारा.

क्रोमबुकात वेगळी मजा. जुन्या मॉडेलांत मदरबोर्डवर एक स्क्रू असतो, तो डब्ल्यूपी पिन जमिनीला धरून ठेवतो. स्क्रू काढल्याशिवाय फर्मवेअरचा वाचनी भाग बदलत नाही. मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी पाऊण तास बॅटरीखाली "जादाचा" स्क्रू शोधत होतो.

काळा सीएच३४१ए प्रोग्रामर वापरणाऱ्यांनो, चिपला ३.३ मिळत असले तरी डेटा लाइन ५ व्होल्टवर असतात, हे तपासून घ्या. १.८ च्या चिपेला तर अ‍ॅडॉप्टरशिवाय लावूच नका.

नवखा_बिट | गुरुवार, दुपारी १२:२०

छान चालू आहे धागा. एक प्रश्न: जुन्या बोर्डांवर जी विनबाँड आहे, तिच्यात फक्त पहिला ४ केबीचा सेक्टर बंद करायचा असेल तर?

बिनतारी | गुरुवार, दुपारी १२:४५

२५क्यू६४ साठी: सेक्टरचा बिट ६ लाव, "खालून"चा बिट ५ लाव, आणि बिट २. बेरीज ४० + २० + ०४, म्हणजे ६४ हेक्स. ०६, मग ०१ ६४. सीएमपी शून्य हवा आणि तिसऱ्या रजिस्टरातला डब्ल्यूपीएसही शून्य हवा. तो १ असेल तर ही चिपही एसएसटीसारखी वागते, ब्लॉकला वेगवेगळं कुलूप आणि वीज आली की सगळी लागलेली.

दोन सूचना. काही जुन्या पिढीच्या चिपांत ०१ ला एकच बाइट दिला तर दुसऱ्या रजिस्टरातले क्यूई (क्वाड मोडचा बिट) आणि सीएमपी आपोआप शून्य होतात. आणि दर सुरुवातीला ०६-०१ करत बसू नका, ते रजिस्टर कायमस्वरूपी आहे, म्हणजे झिजतं. तात्पुरतं हवं तर ०६ ऐवजी ५० द्यायचं.

अजून एक, डब्ल्यूपी पिनवर भिस्त ठेवणाऱ्यांसाठी: क्वाड मोडचा क्यूई बिट लागला की तीच पिन डेटाची होते. हार्डवेअरचं कुलूप गेलं. काही विनबाँड कारखान्यातूनच क्यूई लावून येतात, ईएफ ४० आणि ईएफ ७० मधला एक फरक तोच आहे. सर्किटवाल्याची दोन वर्षांपूर्वीची कटकट ती हीच.

सर्किटवाला_सांगली | गुरुवार, रात्री ९:१५

अरे देवा. म्हणजे तो बाइट काही सांगत होता आणि मी तपासणीच उडवली.

आज केलं ते असं: आयडीचा तक्ता परत घातला. ईएफ ४०, ईएफ ७० आणि बीएफ २६, तिघांचा कुलपाचा कोड वेगळा. अनोळखी आयडी आला तर पडद्यावर "चिप ओळखली नाही" आणि डबा तिथेच थांबतो. ०० किंवा एफएफ आला तर "चिप जोडलेली नाही". प्रत्येक नोंद लिहून परत वाचतो. ब्राउनआउट चालू. कॅलिब्रेशन तळाच्या ८ केबीत, बंद.

एसएसटीचं एक मात्र आवडलं. चिप इरेज जास्तीत जास्त ५० मिलिसेकंद! विनबाँडला २० सेकंद तरी लागायचे, तेवढ्यात आमचा पोरगा चहा आणायला जायचा.

पुढच्या आवृत्तीत नोंदीत तापमान आणि पाण्याचं प्रमाण घालायचंय, ३२ ची ४० बाइट होईल. बाकी काही बदलायला नको ना?

तिरपा_कपॅसिटर | गुरुवार, रात्री ९:४०

थांब थांब. पान २५६ बाइटचं आहे. ३२ नं बरोबर आठ नोंदी बसायच्या, म्हणून तू आजवर सुखात होतास. ४० नं सहा बसतात आणि १६ बाइट उरतात. सातवी नोंद २४० पासून सुरू होईल, १६ बाइट जातील, आणि उरलेले २४ पुढच्या पानात न जाता त्याच पानाच्या सुरुवातीला वळून पहिल्या नोंदीवर बसतील. फ्लॅशमध्ये लिहिताना १ चा ० होतो, ० चा १ फक्त इरेजनं. म्हणजे दोन सभासदांचे आकडे एकमेकांत मिसळून तिसराच आकडा येणार. नोंद ६४ ची कर किंवा पानाच्या सीमेवर तोडून दोनदा लिही.

सर्किटवाला_सांगली | गुरुवार, रात्री ९:५२

६४ करतो. जागा भरपूर आहे.

उद्या पहाटे त्याच केंद्रावर डबा लावतोय. म्हातारबुवा पहिल्या नंबरला असतात.

आबा_२९एफ | गुरुवार, रात्री १०:०५

त्यांना सांग, फॅट ६५५ वरून ४ वर आलं म्हणून भांडायला येऊ नका.

सर्किटवाला_सांगली | शुक्रवार, सकाळी ७:४८

१३८ नोंदी, एकही एफएफ नाही. ६:१० ला लाइट गेली, ६:१३ ला आली, सगळ्या नोंदी जागेवर. म्हातारबुवांनी ४.२ बघून पावती घडी करून खिशात घातली आणि म्हणाले, "कालचंच मशीन बरं होतं."